पेल्याचे वय

एखाद्याच्या घरी आपण जावे, त्याने कपाटातून काचेचा पेला काढून "हा आमच्या खापरपणजोबांचा" असे अभिमानाने म्हणावे, आणि पेला हातात घेताच आपल्याला दिसावे की तो तितका जुना नाही. अशा वेळी बोलावे की गप्प बसावे? वरवर पाहता हा शिष्टाचाराचा प्रश्न वाटतो. आम्हांस तो नीतीचा वाटतो, आणि आपल्या समाजापुरता तर तो जरा अधिकच खोल जातो. म्हणून या अंकात त्याविषयी चार शब्द लिहीत आहोत.

इस्राएलला येताना आपल्या लोकांनी तांब्यापितळेची भांडी आणली, पाटावरवंटा आणला, कोणी पुरणयंत्रसुद्धा आणले. काच मात्र थोडी आली, कारण ती फुटते. जी आली ती साडीत, गोधडीत गुंडाळून, मांडीवर ठेवून आणलेली. किद्दुशचा पेला, प्रार्थनालयातल्या दिव्याची एखादी हंडी, गुलाबदाणी, लोणच्याची बरणी. अश्दोदला, लोदला, रामल्याला, दिमोनाला अशा वस्तू आजही घरोघरी दिसतात. प्रत्येक वस्तूबरोबर एक हकिगत असते, आणि ती हकिगत सहसा मागे मागे जात कुणा सुभेदारापाशी, कुणा साहेबापाशी किंवा कुणा संस्थानिकापाशी जाऊन थांबते.

प्रथम काच आपले वय कसे सांगते ते पाहू. पेला उलटा करावा. फुंकून केलेल्या भांड्याला शेवटचा आकार देताना कारागीर त्याच्या तळाला एक लोखंडी सळई चिकटवतो आणि काम झाले की ती तोडून काढतो. तिथे बेंबीसारखा खरखरीत व्रण राहतो. उंची मालात तो घासून गुळगुळीत केलेला असतो. साच्यातून काढलेल्या भांड्यावर साच्याच्या तुकड्यांच्या सांध्याची बारीक उभी रेघ असते. बाटलीवर ही रेघ गळ्यापाशी थांबली असेल तर तिचे तोंड हाताने केलेले समजावे. ती थेट ओठावरून गेली असेल तर बाटली यंत्रातली. अमेरिकेत मायकेल ओवेन्सचे बाटल्या करणारे स्वयंचलित यंत्र १९०३ साली चालू झाले. तेव्हा अशी बाटली त्यानंतरची.

पण हा नियम अमेरिकेचा, हे विसरू नये. आपला गोटीसोडा आठवा. हायरम कॉड नावाच्या इंग्रजाने १८७२ साली गोटीच्या बुचाच्या बाटलीचे पेटंट घेतले. इंग्लंडात ती बाटली केव्हाच संग्राहकांच्या कपाटात जाऊन बसली. आम्ही मात्र लहानपणी गाडीवर उभे राहून, अंगठ्याने गोटी आत दाबून, त्याच बाटलीतला सोडा प्यायलो, आणि हिंदुस्थानात ती अजून वापरात आहे. इंग्रजी पुस्तक पुढ्यात ठेवून अलिबागच्या बाटलीचे वय काढायला बसले तर शंभर वर्षांचा फरक सहज पडेल.

तळावर काही छापलेले असले तर काम सोपे होते. इंग्लंडात १८४२ ते १८८३ पर्यंत नोंदलेल्या नमुन्यांवर हिऱ्याच्या आकाराची खूण असे. जानेवारी १८८४ पासून 'आर. डी.' ही अक्षरे आणि पुढे क्रमांक, असा प्रकार सुरू झाला. हे क्रमांक १ पासून चालू झाले आणि १९०१ उजाडण्यापूर्वी साडेतीन लाखांच्या पुढे गेले. 'चेकोस्लोव्हाकिया' असे लिहिलेले असेल तर वस्तू १९१८ नंतरची, कारण त्यापूर्वी त्या नावाचा देशच नव्हता. 'ऑक्युपाइड जपान' असेल तर १९४५ ते १९५२ मधली. तळेगावचा म्हणून सांगितलेला पेला १९०८ च्या आधीचा असणार नाही. एकेक पैसा गोळा करून अंताजी दामोदर काळे यांनी ज्या पैसा फंडासाठी आयुष्य वेचले, त्या फंडाचा काच कारखाना तळेगाव दाभाड्याला त्या साली निघाला. कऱ्हाडजवळचा ओगल्यांचा कारखाना १९१६ चा. त्यांचा प्रभाकर कंदील आपल्यापैकी कित्येकांच्या घरी होता, आणि आमच्या पिढीतल्या कोकणातल्या पुष्कळांचा अभ्यास त्याच्याच उजेडात झाला.

या खुणा एक गोष्ट सांगतात आणि एक सांगत नाहीत. वस्तू अमुक सालाच्या आधीची नाही, एवढे त्या छातीठोकपणे सांगतात. ती नंतर किती वर्षांनी केली, हे सांगत नाहीत. कारण चांगला साचा वर्षानुवर्षे चालतो. शाळेत मुलांना आम्ही नेहमी विचारत असू, "एवढ्यावरून काय सिद्ध झाले आणि काय झाले नाही?" जुन्या काचेपुढे तोच प्रश्न विचारावा लागतो.

शिवाय फसवणूक आहेच. मँगेनीज घातलेली जुनी काच उन्हात वर्षानुवर्षे राहिली की फिकट जांभळी होते. म्हणून काही विक्रेते साध्या जुन्या बाटल्यांवर किरणांचा मारा करून त्या एका दिवसात जांभळ्या करतात. युरेनियम घातलेली पिवळसर हिरवी काच जांभळ्या दिव्याखाली हिरवीगार चमकते. ती १८३० च्या दशकापासून बोहेमियात होत आली हे खरे, पण आजही होते. तेव्हा चमकली म्हणून जुनी ठरत नाही. काचेतले बुडबुडेही पुरावा नव्हेत. हेब्रॉनचे कारागीर भंगार बाटल्या वितळवून आज सकाळी जे भांडे फुंकतात त्यातही बुडबुडे असतात. आमचा स्वतःचा भरवसा तळाच्या ओरखड्यांवर अधिक. खरोखर वापरलेल्या पेल्याच्या तळाचा जेवढा भाग मेजाला टेकतो तेवढ्यावरच बारीक ओरखडे असतात आणि ते वाटेल त्या दिशेने गेलेले असतात. सँडपेपरने केलेली जुनेपणाची बतावणी एकाच दिशेने धावते आणि जिथे पेला कधी टेकलाच नाही तिथेही दिसते. भिंग घेऊन बसावे, म्हणजे कळते.

आता ज्या देशात आपण राहतो त्याचे या विषयाशी जुने नाते आहे. जेरुसलेमच्या जुन्या शहरातील ज्यू वस्तीत १९६९ पासून नहमान अविगाद यांनी उत्खनन केले. तिथे काचकामाचा जो कचरा सापडला त्यात काचेच्या नळीचे एक टोक बंद करून दुसऱ्या टोकाने फुंकल्याच्या खुणा मिळाल्या. हा कचरा इ.स.पूर्व पहिल्या शतकाच्या मध्याचा. काच फुंकण्याच्या कलेचा याहून जुना पुरावा मिळणे कठीण. पुढे रोमन सम्राट डायोक्लेशियनने ३०१ साली भावांचा जो हुकूम काढला, त्यात अलेक्झांड्रियाच्या काचेचा भाव पौंडाला २४ दिनार आणि यहूदियाच्या हिरवट काचेचा १३ दिनार ठरवला आहे. म्हणजे आपली काच स्वस्तातली! ती हिरवट होती म्हणून स्वस्त. बिनरंगी काच करणे कठीण, म्हणून ती महाग. तल्मूदात मोएद काटान या भागात सांगितले आहे की पूर्वी सुतकाच्या घरी श्रीमंतांना पांढऱ्या काचेतून आणि गरिबांना रंगीत काचेतून पेय देत. गरिबांना त्याची लाज वाटे, म्हणून सर्वांनाच रंगीत काचेतून द्यावे असे ठरले. आज नेमकी ती हिरवट, रंगीत काच याफोच्या जुन्या बाजारात आणि परवानाधारक विक्रेत्यांकडे लोक हौसेने विकत घेतात. गरिबाची लाज दीड हजार वर्षांनी संग्राहकाची शान झाली! किंमत काचेत किती असते आणि पाहणाऱ्याच्या मनात किती, याचा हिशेब वाचकांनीच करावा. (इथल्या १९७८ च्या कायद्याप्रमाणे १७०० सालापूर्वी माणसाने केलेली वस्तू पुरातन धरली जाते आणि ती परदेशी नेण्यास परवानगी लागते, हे जाता जाता सांगून ठेवतो. नातवंडांना भेट म्हणून लंडनला पाठवणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.)

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. जिथे पैसा हात बदलतो तिथे आम्हांस शंका नाही. विकणाऱ्याला पेल्याचे खरे वय ठाऊक असेल तर ते त्याने सांगितलेच पाहिजे. तल्मूदात शमुएलने फसवणुकीला मनाई करताना आपला-परका असा भेद ठेवलेला नाही. 'गनेवात दाअत' म्हणजे दुसऱ्याच्या समजुतीची चोरी; त्यात खिशाला हात न लावताही चोरी घडते.

पण घेणाऱ्याने स्वतःच गैरसमज करून घेतला असेल तर? याविषयी तल्मूदात त्याच ठिकाणी एक सुंदर प्रसंग आहे. रावा आणि राव साफ्रा वाटेने चालले होते. समोरून मार झूत्रा येत होते. त्यांना वाटले, हे दोघे आपल्याच स्वागतासाठी एवढे लांब आले. राव साफ्रांनी लागलीच खरे सांगितले की आम्हांला तुम्ही येणार हे ठाऊक नव्हते. मार झूत्रांचा चेहरा उतरला. रावा नंतर राव साफ्रांना म्हणाले, कशाला सांगितलेत? राव साफ्रा म्हणाले, नाहीतर आपण त्यांना फसवले असते. रावांचे उत्तर असे की आपण फसवले नव्हते, ते स्वतःच फसले होते.

आम्ही मुलांना हा प्रसंग सांगत असू तेव्हा वर्ग नेहमी दोन तटांत विभागला जाई. मुली बहुधा रावांच्या बाजूच्या, मुलगे साफ्रांच्या. का, ते आम्हांस कधी उमगले नाही. हिल्लेलच्या शाळेचेही मत असे की बाजारातून एखाद्याने वाईट वस्तू आणलीच असेल तर त्याच्यासमोर तिची निंदा करू नये, स्तुती करावी. घेऊन झाले आहे, आता त्याचा आनंद का घालवावा? हे मत आम्हांस पटते. जुन्या बाजारातून शेजारणीने 'रोमन' म्हणून बाटली आणली आणि ती आपल्या खिडकीत ठेवली, तर आपण होऊन तिला शिकवायला जाऊ नये. तिने विचारले तर मात्र गोष्ट वेगळी.

घरातून चालत आलेल्या वस्तूचे काय, हा सगळ्यात अवघड भाग. तो आमच्या ओळखीच्या एका कुटुंबात घडला तसाच सांगतो.

तीन भावंडे, वडील वय वर्षे शहाऐंशी. घरात किद्दुशचा काचेचा पेला. हकिगत अशी की वडिलांचे पणजोबा मुंबईच्या पलटणीत सुभेदार होते आणि १८५७ च्या धामधुमीनंतर कुणा साहेबाने खूश होऊन तो त्यांना दिला. आपले बरेच पूर्वज त्या पलटणींत होते, सुभेदार झाले, हे खरेच आहे. तेव्हा हकिगतीत अशक्य असे काही नव्हते. थोरल्या मुलाच्या मनात आले की तो पेला एखाद्या प्रदर्शनाला द्यावा, खाली पाटी लावावी. त्याने आम्हांस पाहायला बोलावले. पेला साच्यात दाबून केलेल्या काचेचा, छान जड, आणि तळाला 'आर. डी.' व सहा आकडी क्रमांक, सहा लाखांच्या पुढचा. म्हणजे तो नमुना १९१० च्या आधी नोंदलेलाच असू शकत नाही. सुभेदार तोवर केव्हाच गेले होते.

धाकटी मुलगी दारापर्यंत आमच्या मागे आली आणि हळूच म्हणाली, "बाई, पप्पांना सांगू नका हं. या वयात त्यांचं काय उरलंय? तो पेला आणि ती गोष्ट." तिचा हात आमच्या दंडावर होता. रावाच बोलत होते म्हणा ना.

आम्ही तिच्या वडिलांना काही सांगितले नाही, कारण त्यांनी विचारले नव्हते. थोरल्याने विचारले होते, त्याला सांगितले, आणि पाटीवर १८५७ लिहू नये असेही सांगितले. त्याने घरी जाऊन वडिलांना सांगितले. वडील काही बोलले नाहीत. पुढच्या शुक्रवारी त्यांनी किद्दुशला स्टीलचा पेला मागितला. त्याच्या पुढच्याही. धाकटीने आमच्याशी महिनाभर बोलणे टाकले, आणि तिचा राग गैर होता असे आम्ही म्हणणार नाही. खरे सांगितल्याने एका म्हाताऱ्या माणसाचे मन मोडले होते, ही गोष्ट कोणत्याही युक्तिवादाने पुसली जात नाही.

तरीही पाटीच्या बाबतीत आम्ही हटलो नाही. त्याचे कारण आपल्या समाजाच्या इतिहासात आहे. आपल्यापाशी लेखी कागद फारसे नाहीत. नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेले जहाज, वाचलेली सात जोडपी, शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली, हे सारे तोंडातोंडी आपल्यापर्यंत आले. १९६२ ते १९६४ या काळात या देशात आपल्या मुलामुलींची लग्ने लावताना वंशाचा पुरावा मागितला गेला, आपली माणसे जेरुसलेमला धरणे धरून बसली, आणि १९६४ च्या ऑगस्टमध्ये क्नेसेटने आपण सर्व बाबतींत ज्यू आहोत असे जाहीर केले. ज्यांना "तुम्ही किती जुने?" असे विचारले गेले, त्यांना आपल्या घरातला पेलासुद्धा जुना असावा असे वाटले तर त्यात नवल काय? ही ओढ आम्ही समजू शकतो. पण ज्या लोकांची सगळी ठेव आठवणीत आहे, त्यांनी आठवणीला पाटीवर चढवताना फार जपले पाहिजे. तळाचा क्रमांक वाचता येणारा एखादा पाहुणा त्या पाटीपुढे उभा राहिला आणि हसला, तर तो पेल्यावरच हसून थांबणार नाही. नवगावच्या किनाऱ्यापर्यंत त्याची शंका जाईल.

आणखी एक गोष्ट आम्हांस नंतर सुचली. पेला सुभेदारांचा नव्हता, तर कुणाचा होता? कोणीतरी तो घरात आणलाच होता. ज्याने आणला त्याचे श्रेय इतकी वर्षे सुभेदारांच्या खात्यात जमा होत होते. आपल्या घरांतल्या हकिगतींत पुरुष फार आणि बायका थोड्या, हे आम्ही बाई म्हणून बोलत आहोत असे कुणी म्हणेल, खुशाल म्हणावे. आमच्या सांगण्यावरून थोरल्याने ठाण्याला आत्याला फोन लावला. आत्या ऐंशीच्या पुढच्या, पण स्मरण लख्ख. त्या म्हणाल्या, "कसला सुभेदार! ते तर आजीच्या ट्रंकेत असायचे, कापसात गुंडाळलेले. दोन होते. एक पनवेलला माझ्या हातून फुटला, आणि आजीने मला मारलं नाही, नुसती बघत राहिली." ही आजी मुंबईच्या एका इस्पितळात नर्स होती. पांढऱ्या कपड्यांवर शाल घेऊन घरी यायची, आणि पगाराचे पैसे स्वतःच्या हाताने मोजायची, एवढे आत्यांना आठवते. पेले तिने विकत घेतले की कोणी रुग्णाने दिले, हे त्यांनाही सांगता आले नाही. तेव्हा आजीने घेतले असेही पाटीवर लिहिता येणार नाही. आत्यांचा शब्दही आठवणच आहे. क्रमांकाशी तो जुळतो, इतकेच.

वडिलांना हे कळल्यावर त्यांनी आत्यांना स्वतः फोन केला. दोघे भाऊबहीण तासभर आजीविषयी बोलत होते असे धाकटीने आम्हांस सांगितले. तोपर्यंत ती आमच्याशी बोलू लागली होती. सुभेदारांची गोष्ट मात्र ते अजून सांगतात, फक्त पेल्याशिवाय.

वाचकांना आमची एक विनंती आहे. आपल्या घरी जुनी काच असेल तर तळावर जे अक्षर, जो आकडा असेल तो जसाच्या तसा कागदावर उतरवून घ्यावा. तो खरवडू नये, राखेने घासू नये. मग ठाण्याला, पनवेलला, रेवदंड्याला जी वडीलधारी माणसे उरली आहेत त्यांना विचारावे: हे कुठे ठेवत असत, किती होते, कोण हात लावू देत नसे? "कुणाचे होते" असे एकदम विचारले तर सुभेदारच पुढे येतात.

तो पेला प्रदर्शनाला गेलाच नाही. सध्या तो धाकटीकडे आहे. पेल्याबरोबर एक चिठ्ठी आहे, तिच्यावर थोरल्याने लिहिले आहे: "इंग्लंडचा, १९१० नंतरचा. आजीच्या ट्रंकेत असे. दोन होते." शुक्रवारी संध्याकाळी अजून त्यात काळ्या मनुकांचे पाणी ओतले जाते, आणि वडील आले असले तर त्यांच्याच हाती दिले जाते. भांडी धुण्याच्या मशीनमध्ये तो घालू नये, काच कायमची धुरकट होते, एवढे आम्ही तिला बजावून ठेवले आहे.